फुटबॉलचे रेफ्री सुधारायचे तर सुरुवात कुठून करायची?

कूपरेजकर

११ जून २०२४ ची दोह्यातली कतार-भारत मॅच आठवली की अजूनही जीव जळतो. छांगटेच्या गोलमुळे आपण १-० ने पुढे होतो. स्कोअर तसाच राहिला असता तर वर्ल्ड कप पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारत पहिल्यांदाच पोचला असता. ७३ व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीत याने हेडर अडवला, चेंडू घरंगळत गोलपोस्टच्या बाजूने रेषेबाहेर गेला. कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि युसूफ आयमेनने जाळ्यात ढकलला. आपली पोरं थांबली होती, कारण चेंडू बाहेर गेलेला त्यांना डोळ्यासमोर दिसला होता. रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीत बसून व्हिडिओवर निर्णय तपासणारे रेफ्री, नव्हतं. पुढे ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि आपण बाहेर.

तेव्हापासून जो तो म्हणतो, व्हीएआर आणा. माझं मत असं की ते आणायचंच, पण तिसऱ्या क्रमांकावर. पहिलं काम म्हणजे रेफ्रीला हा पूर्णवेळ व्यवसाय करता आला पाहिजे. इंग्लंडने २००१ मध्ये व्यावसायिक रेफ्री नेमले. आपल्याकडे बरेच जण आठवडाभर नोकरी करून शनिवारी शिट्टी घेतात. खेळाडूंना फिजिओ, व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट, आहारतज्ज्ञ, आणि त्यांच्यावर निकाल देणाऱ्याला हाफ डे. दुसरं काम, निर्णय कसा झाला ते लोकांना ऐकवणं. या दोन गोष्टी न करता नुसते कॅमेरे लावले तर चूक करणारा माणूस तोच राहील, फक्त मैदानाऐवजी खोलीत बसेल.

तुम्हाला काय वाटतं? प्रत्यक्ष रेफ्रीचं काम केलेल्यांनी जरूर लिहा.

निळी_जर्सी

क्रमालाच विरोध. पूर्णवेळ रेफ्री तयार व्हायला दहा वर्षं लागतील. दोह्यात रेषेवर एक कॅमेरा आणि तो बघायला एक माणूस असता तर दहा सेकंदांत निकाल लागला असता. चेंडू पूर्ण बाहेर गेला की नाही, यात मतमतांतर नसतंच. अशा प्रश्नांसाठी माणूस घडवत बसायची गरज नाही, यंत्र लावा. २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध लॅम्पार्डचा गोल नाकारला, २०१२ मध्ये गोललाइन तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली, आणि तो विषय बहुतेक संपला. कोणी तेव्हा म्हणालं नाही की आधी रेफ्रीचा पगार वाढवा.

अ‍ॅनफिल्डवेडा

निळी_जर्सी, वस्तुस्थितीचे निर्णय यंत्रावर सोडावेत हे मान्य. पण यंत्रासमोर बसलेल्या माणसाचं काय?

३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुइस डियाझचा गोल झाला, लाइनमनने ऑफसाइडचा झेंडा वर केला. व्हीएआर खोलीत रेषा आखल्या, डियाझ स्पष्ट ऑनसाइड निघाला. इथवर तंत्रज्ञान शंभर टक्के बरोबर. पण खोलीतल्या अधिकाऱ्याचा समज असा की मैदानावर गोल दिलेलाच आहे. म्हणून तो म्हणाला, ‘चेक कम्प्लीट’. मैदानावरच्या रेफ्रीला वाटलं, ऑफसाइड कायम. फ्री किक घेऊन खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीतल्या रिप्ले ऑपरेटरच्या लक्षात आलं, तो सांगायला लागला. पण खेळ एकदा सुरू झाला की नियमाप्रमाणे मागे जाता येत नाही. आम्ही लिव्हरपूलवाले ९६ व्या मिनिटाच्या स्वयंगोलने २-१ हरलो.

रेफ्री संघटनेने नंतर ते संभाषण जाहीर केलं म्हणून हे कळलं. ते ऐकताना अंगावर काटा येतो. कोणाची लबाडी नाही, कोणाला नियम माहीत नाही असंही नाही. फक्त ‘मैदानावरचा निर्णय काय होता?’ हा एक प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही. त्या खोलीतले दोघे रेफ्री त्याच आठवड्यात यूएईमध्ये मॅच करून परतले होते, हेही बाहेर आलं. म्हणून कूपरेजकरांचा दुसरा मुद्दा मला पहिला वाटतो. ऐकवलं नसतं तर आम्ही आजही कट होता असंच धरून बसलो असतो.

सदू_सेंटरफॉरवर्ड

कूपरेजकर +१. धागा वाचनखुणेत.

शिट्टीवाला

कोल्हापूर. बरीच वर्षं शाहू स्टेडियमवर आणि बाहेर रेफ्री म्हणून काम केलंय, म्हणून लिहितो.

घरात बसून बघताना वाटतं, रेफ्रीला चेंडू बघायचा असतो. नाही. चेंडू सगळेच बघतात. रेफ्रीला चेंडूच्या पुढे काय होणार ते बघायचं असतं. आपण मैदान तिरकं कापत पळतो, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, म्हणजे खेळ माझ्या आणि लाइनमनच्या मध्ये राहतो. दोन खेळाडूंची टक्कर पाठीमागून पाहिली तर पाय चेंडूला लागला की घोट्याला, ते कळतच नाही. बाजूने पाहिली की कळतं. दहा मीटर जवळ असून चुकीच्या बाजूला उभा असलेला रेफ्री पंचवीस मीटरवरून नीट बाजूने बघणाऱ्यापेक्षा जास्त चुकतो. ही जागा धरायची सवय मॅच करूनच लागते, आणि प्रत्येक मॅचनंतर कोणीतरी व्हिडिओ लावून ‘इथं तू दोन पावलं डावीकडं पाहिजे होतास’ असं सांगितलं तरच लागते. आम्हाला हे सांगणारं कोणी नसायचं. निरीक्षक यायचे, आकडा लिहायचे, जायचे. आकडा का कमी पडला, ते विचारलं तर काहींना रागच यायचा.

दुसरं, शिट्टी. नवी पोरं शिट्टी तोंडात धरून पळतात. फाउल दिसला की फुंकलीच. मग फाउल झालेल्या संघाचा फॉरवर्ड मोकळा सुटलेला असतो आणि आपण त्याचाच गोल हिरावून घेतो. शिट्टी हातात ठेवायची. हात तोंडापर्यंत जायला जो क्षण लागतो तेवढ्यात अ‍ॅडव्हांटेज द्यायचा का, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवायचा का, ते ठरतं.

आता पैशाचं. कोल्हापुरात पेठांची ईर्षा किती आहे ते महाराष्ट्राला माहीत आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांच्या मॅचला स्टेडियम फुल्ल. त्या गर्दीसमोर ८५ व्या मिनिटाला पेनल्टी द्यायची आणि रात्री त्याच गल्लीतून घरी जायचं. एकदा माझ्या मोटरसायकलच्या दोन्ही चाकांची हवा गेलेली होती. मानधन पेट्रोल आणि जेवण सुटेल एवढं. अशा ठिकाणी हुशार पोरगं का टिकेल? जे टिकतात ते वेडापायी टिकतात, आणि वेडावर व्यवस्था उभी राहत नाही.

चौथा_अंपायर

शिट्टीवाला दादा, शिट्टी हातात धरायचं कारण आज कळलं. फार छान प्रतिसाद. अजून लिहा.

मडगावकर

गोव्यात वेगळी परिस्थिती नाही, पण एक गोष्ट अभिमानाने सांगतो. आमच्या उवेना फर्नांडिस २०१६ च्या जॉर्डनमधल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये असिस्टंट रेफ्री होत्या. त्याआधी २००२ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये चेन्नईचे के. शंकर लाइनमन होते. भारताचा संघ पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये कधी खेळला नाही, पण भारताचा रेफ्री पोचला. तेव्हा आपल्या माणसात गुणवत्ता नाही, हे कोणी सांगू नये.

मात्र आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) जे होतं ते बघवत नाही. ३ मार्च २०२३ ची बेंगळुरू-केरळ ब्लास्टर्स नॉकआउट आठवा. एक्स्ट्रा टाइममध्ये फ्री किक मिळाली, ब्लास्टर्सचे खेळाडू भिंत लावत होते, गोलकीपर पोस्टपाशी उभा राहून भिंत सरकवत होता, आणि बेंगळुरूच्या छेत्रीने मोकळ्या जाळ्यात चेंडू टाकला. गोल दिला. ब्लास्टर्सचे कोच वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेले. नंतर क्लबला ४ कोटींचा दंड, कोचला १० सामन्यांची बंदी. संघ बाहेर नेणं चूकच. पण रेफ्रीला नक्की काय दिसलं, त्याने छेत्रीला काय सांगितलं, हे त्याच्या तोंडून त्या रात्री ऐकायला मिळालं असतं तर निम्मी आग तिथेच विझली असती.

बंगलोरची_बाई

मडगावकर, थांबा हं. क्विक फ्री किक नियमात आहे. ज्या संघावर फाउल झाला त्याला लगेच खेळायचा हक्क आहे, फाउल करणाऱ्याला भिंत बांधायला वेळ मिळणं हा त्याचा हक्क नाही. मी त्या दिवशी श्री कंठीरवा स्टेडियमवर होते. छेत्री चेंडूपाशी उभा राहून डोळे वर करून बघत होता. ब्लास्टर्सच्या एकानेही चेंडूसमोर नीट उभं राहायची तसदी घेतली नाही.

मडगावकर

ताई, हक्क आहे, पण रेफ्रीने भिंतीचं अंतर मोजायला सुरुवात केली की मग शिट्टीची वाट बघावी लागते. भांडण नेमकं तिथेच आहे. तुम्ही स्टँडमधून पाहिलंत, मी टीव्हीवर, आणि दोघांनाही शपथेवर सांगता येणार नाही की रेफ्री आणि छेत्रीत काय बोलणं झालं. म्हणून तर माइक हवा म्हणतो.

बंगलोरची_बाई

माइक हवा, यावर एकमत. गोल मात्र योग्य होता!

पिवळं_कार्ड

या दोघांना धाग्याच्या मध्यभागी बोलावून समज देण्यात येत आहे. पुढच्या वेळी नाव वहीत जाईल 🟨

दादर_प_रे

क्रिकेटमधला एक दाखला देतो, अवांतर वाटलं तर क्षमस्व. घरच्या अंपायरवर कोणाचा विश्वास नसायचा तो काळ. १९८६ मध्ये पाकिस्तान-वेस्ट इंडिज कसोटीला इम्रान खानच्या आग्रहाने भारतातून दोन अंपायर गेले, त्यातले एक आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर, दुसरे व्ही. के. रामस्वामी. पाकिस्तानच्या मैदानावर भारतीय अंपायर! पुढे त्रयस्थ अंपायरची पद्धत रुळली, २००२ मध्ये आयसीसीचं एलिट पॅनल आलं, मग डीआरएस. म्हणजे क्रम बघा: आधी त्रयस्थपणा, मग पूर्णवेळ नोकरी, मग यंत्र. कूपरेजकर म्हणतात तसाच.

फुटबॉलमध्ये देशांतर्गत लीगला त्रयस्थ रेफ्री आणायचे म्हटले तर परदेशातून आणावे लागतील. करावं का तसं?

नाईलकाठी

दादर_प_रे, मी कैरोत नोकरीला होतो. अल अहली आणि झमालेक या तिथल्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबांच्या मॅचला परदेशी रेफ्री मागवायची तिथे जुनी पद्धत. परिणाम काय, तर स्थानिक रेफ्रीवर ‘तुझी लायकी नाही’ हा शिक्का कायमचा बसतो. मार्च २०२५ मध्ये परदेशी रेफ्री मिळाले नाहीत म्हणून अहलीचा संघ मॅचला आलाच नाही. सर्वांत मोठी मॅच स्वतःच्या माणसाला कधीच द्यायची नाही, तर तो मोठ्या मॅचसाठी तयार होणार कसा? आपण या वाटेला जाऊ नये असं मनापासून वाटतं.

स्टुटगार्टहून_सई

इथे जर्मनीत मुलाला फुटबॉलला नेते, त्यामुळे खालच्या पातळीवरच्या मॅच खूप बघते. व्यावसायिक खेळातल्या रेफ्रींबद्दल बोलताना लोक एक विसरतात: बुंडेसलीगाचा, म्हणजे इथल्या सर्वांत वरच्या लीगचा रेफ्री आकाशातून पडत नाही, तो गावातल्या मैदानावर पोरांच्या मॅच करत वर येतो. तिथेच शिव्या खाऊन सोडून गेला तर वर कोण येणार?

२०२४ पासून इथे दोन गोष्टी आल्या. एक, रेफ्रीशी फक्त कॅप्टनने बोलायचं. हे युरो २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. दुसरी हौशी लीगमधली. मॅच तापली की रेफ्री ठरलेली खूण करतो, दोन्ही संघ आपापल्या पेनल्टी एरियात जाऊन थांबतात, रेफ्री मध्यभागी कॅप्टन आणि कोचशी बोलतो, मग खेळ पुन्हा सुरू. आमच्या इथे एका मॅचमध्ये रेफ्री म्हणून शाळकरी मुलगी होती, एका खेळाडूचे वडील कठड्यावरून तिच्यावर ओरडत होते. तिने ती खूण केली. मैदान रिकामं झालं, त्या माणसाचा एकट्याचाच आवाज ऐकू यायला लागला आणि तो गप्प बसला. तिने आवाज न चढवता खेळ सुरू केला. मला ती फार आवडली.

फ्लडलाइट

सई यांचा प्रतिसाद वाचून अंकाराची आठवण झाली. ११ डिसेंबर २०२३, अंकारागुजू क्लबच्या अध्यक्षांनी मॅच संपल्यावर मैदानात येऊन रेफ्री हलिल उमुत मेलर यांना ठोसा मारला, खाली पडल्यावर बाकीच्यांनी लाथा घातल्या. तुर्कस्तानातली लीगच काही दिवस बंद ठेवली. ते बघून वाटलं, रेफ्रीला संरक्षण द्या की सगळं ठीक होईल.

पण तिथलीच दुसरी बाजू. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तुर्की फेडरेशनने सांगितलं की ५७१ रेफ्रींपैकी ३७१ जणांची बेटिंगची खाती सापडली, आणि १५२ जण प्रत्यक्ष पैसे लावत होते. १४९ जणांना निलंबित केलं. म्हणून पगार आणि संरक्षण यांच्याबरोबर कडक तपासणीही पाहिजे. रेफ्रीवर प्रेम असणाऱ्यानेच हे आधी मागितलं पाहिजे, कारण प्रामाणिक माणसाचं नाव त्यामुळेच वाचतं.

निळी_जर्सी

बरेच मुद्दे पटले, पण पूर्णवेळ म्हणजे निर्दोष हे गृहीत धरू नका. इंग्लंडचे रेफ्री माइक डीन पूर्णवेळ व्यावसायिक होते. ऑगस्ट २०२२ मध्ये चेल्सी-टॉटनहॅम मॅचला ते व्हीएआर खोलीत होते. टॉटनहॅमच्या रोमेरोने चेल्सीच्या कुकुरेयाचे केस ओढले, तरी त्यांनी रेफ्री अँथनी टेलरना मॉनिटरवर पाठवलं नाही. वर्षभराने स्वतःच सांगितलं की मित्राला आणखी मनस्ताप नको म्हणून पाठवलं नाही! त्यानंतरच्या कॉर्नरवर टॉटनहॅमने बरोबरी साधली. म्हणजे पगार चांगला, अनुभव मोठा, आणि अडचण मैत्रीची. माझ्या मते व्हीएआर खोलीत मैदानावर कधीच न उतरणारे स्वतंत्र लोक असावेत.

शिट्टीवाला

निळी_जर्सी, तुमचा मुद्दा बरोबर आहे. एकत्र प्रवास, एकत्र सराव, मग मित्राला ‘तू चुकलास’ म्हणणं जड जातंय. मात्र मैदानावर कधीच न पळालेल्या माणसाला वेग कळत नाही. स्लो मोशनमध्ये प्रत्येक टॅकल लाल कार्डाचा दिसतो. त्यामुळं रेफ्री राहिलेला, पण आता रिटायर झालेला माणूस बसवा.

आठ_सेकंद

मधेच एक गंमत. गोलकीपरने आठ सेकंदांपेक्षा जास्त चेंडू धरला तर समोरच्याला कॉर्नर, हा २०२५ चा नियम. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो. आमच्या घरी सगळे सोबत मोजतात, आजी सगळ्यात मोठ्याने. एका साध्या खुणेने वेळकाढूपणा किती कमी झाला बघा. खर्च शून्य.

खर्चाचं_काय

आजींना नमस्कार. खर्चाचा विषय निघालाच आहे तर, व्हीएआर महाग पडतं म्हणून आपल्याकडे अडतं, पण मधला रस्ता आहे. त्याला फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट म्हणतात. २०२४ च्या कोलंबियातल्या वीस वर्षांखालील मुलींच्या वर्ल्ड कपमध्ये वापरला. वेगळी खोली नाही, वेगळे व्हिडिओ रेफ्री नाहीत. कोचला मॅचमध्ये दोन वेळा दाद मागता येते, रेफ्री स्वतः मैदानाकडेच्या मॉनिटरवर बघतो आणि ठरवतो. दाद खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते. क्रिकेट बघणाऱ्या देशाला हे समजावून सांगावंच लागणार नाही. इटलीच्या तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये, सेरी सी मध्येही २०२५-२६ पासून आलंय.

दोह्यात हे असतं तर आपल्या कोचने तिथल्या तिथे दाद मागितली असती.

कूपरेजकर

फार चांगली चर्चा, सगळ्यांचे आभार. खर्चाचं_काय यांच्या माहितीनंतर माझा क्रम थोडा हलला आहे. एवढ्या खर्चात होत असेल तर आयलीग आणि आयएसएलने ते थांबून न राहता सुरू करावं. निळी_जर्सी, इथे तुमचं ऐकतो.

पण शिट्टीवाला यांनी लिहिलेलं ‘आकडा लिहायचे, जायचे’ हे वाक्य डोक्यातून जात नाही. तंत्रज्ञान विकत मिळतं. मॅचनंतर तासभर रेफ्रीशेजारी बसून क्लिप दाखवणारा अनुभवी माणूस विकत मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि त्याच्या पगाराची तरतूद फेडरेशनच्या ताळेबंदात वेगळी दिसली पाहिजे. मुंबईतल्या, गोव्यातल्या, कोल्हापुरातल्या निवृत्त रेफ्रींना हे काम दिलं तर उद्यापासून करता येईल. २०२५-२६ चा आयएसएल मोसम करारापायी रखडला तेव्हा खेळाडूंच्या पगाराबद्दल सगळे बोलले, बोलायलाच हवं होतं. त्या महिन्यांत रेफ्रींनी काय केलं, कसे चालवले, याची बातमी मला कुठे दिसली नाही.

पुण्याची_पूर्वा

धागा वाचून विचारते. माझी मुलगी कॉलेजमध्ये आहे, लेफ्ट बॅक खेळते, आणि रेफ्री व्हायचं म्हणते. पळण्याची चाचणी अवघड असते का? आणि खेळणं सोडावं लागेल का?

शिट्टीवाला

ताई, खेळणं अजिबात सोडू नका, खेळलेल्या माणसाला टॅकल लवकर कळतो. जिल्हा किंवा राज्य संघटनेकडं नवीन रेफ्रींच्या कोर्सची चौकशी करा. सुरुवातीची चाचणी जमण्यासारखी असते. वरच्या पातळीची फिफाची चाचणी मात्र दमवते: आधी चाळीस मीटरचे सहा स्प्रिंट, मग पंचाहत्तर मीटर पळायचं आणि पंचवीस मीटर चालायचं, असं चाळीस वेळा, म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकच्या दहा फेऱ्या. लेफ्ट बॅक आहे म्हणताय, तर पळण्याची काळजी करू नका.

नियमांचं पुस्तक आत्तापासून रोज थोडं वाचू दे. पहिल्या मॅचला तिच्यासोबत जावा, पण कठड्यापासून लांब बसा आणि तिच्या निर्णयावर काही बोलू नका, घरी आल्यावरसुद्धा. तिनं विचारलं तरच सांगा. कोल्हापूरला कधी आलात तर इथं कळवा, झेंडा कसा धरायचा ते दाखवतो. बरीच पोरं तो अंगामागं धरून पळतात, तो रेफ्रीला दिसला पाहिजे.

पुण्याची_पूर्वा

खूप आभार, दादा. तिला दाखवलं. विचारतेय, शिट्टी कुठली घ्यायची?

शिट्टीवाला

आत मणी नसलेली. मणीवाली पावसात अडकते, नेमकी पेनल्टीच्या वेळेला.